चेहरा न सोलता

मुंबई-गोवा महामार्गाने खेड मागे टाकून चिपळूणकडे निघाले की परशुराम घाटाच्या अलीकडे लोटे लागते. रत्नागिरी जिल्ह्यातले हे गाव लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. कीटकनाशके, रंगद्रव्ये, औषधांचा कच्चा माल आणि नाना तऱ्हेची रसायने इथे तयार होतात. रासायनिक कारखान्यात कामाला लागलेल्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी दोन गोष्टी दाखवल्या जातात. एक, डोक्यावरून धो-धो पाणी सोडणारा सेफ्टी शॉवर. दुसरी, डोळे धुण्याचा नळ. अंगावर ॲसिड उडाले की आधी पाणी आणि तेही किमान 15 मिनिटे, बाकी सगळे नंतर. ॲसिडचा कॅन हाताळणारा माणूस तीन गोष्टी विचारल्याशिवाय पुढे जात नाही: किती टक्क्यांचे, सामू (पीएच) किती आणि कातडीला किती वेळ लागले.

आता ॲसिड या भागातल्या घरांत आणखी एका वाटेने येते. मोबाइलवर मागवलेली, कुरिअरने घरपोच आलेली, ड्रॉपर लावलेली छोटी बाटली. वर लिहिलेले असते ग्लायकॉलिक 10 टक्के, सॅलिसिलिक 2 टक्के, कधी दोन्ही एकत्र. चेहऱ्यावरच्या मृत पेशी काढून आतली ताजी त्वचा दाखवण्याचे आश्वासन सोबत असते. कारखान्यात विचारले जाणारे ते तीन प्रश्न मात्र आरशासमोर सहसा कुणी विचारत नाही. चार-सहा आठवड्यांत चेहरा लाल होतो, साध्या पाण्यानेही चरचरतो, गालांवर काळपट डाग उठतात आणि मग शोध सुरू होतो सौम्य पर्यायाचा.

असे पर्याय आहेत आणि त्यातले बरेचसे कोकणातल्या घरांत आधीपासून आहेत. पण कोणते खरोखर सौम्य आणि कोणते नुसते घरगुती म्हणून सौम्य समजले जातात, हे ओळखायचे तर त्वचा स्वतः काय करते इथून सुरुवात करावी लागते.

त्वचा स्वतःच झडते

त्वचेचा सर्वांत वरचा थर कागदाहून पातळ असतो. त्यात मृत, चपट्या पेशींचे साधारण 15 ते 20 पापुद्रे एकावर एक बसलेले असतात. कोकणातल्या जांभ्याच्या भिंतीचे उदाहरण इथे चपखल बसते. पेशी म्हणजे चिरे आणि त्यांच्या मधली सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व स्निग्ध आम्ले यांची चरबी म्हणजे चुना. चुना शाबूत असेल तर आतले पाणी बाहेर जात नाही आणि बाहेरची घाण, जंतू, रसायने आत शिरत नाहीत.

शेजारशेजारच्या पेशी प्रथिनांच्या बारीक टाचण्यांनी एकमेकींना धरून असतात. जुनी पेशी पृष्ठभागाशी आली की या टाचण्या सुटाव्या लागतात. ते काम त्वचेतली विकरे, म्हणजे एन्झाइम्स करतात. टाचणी विरघळली की पेशी सुटून पडते, रोज लाखोंच्या संख्येने आणि डोळ्यांना न दिसता. तरुण त्वचेत खालच्या थरात जन्मलेली पेशी वर येऊन गळून पडायला साधारण चार आठवडे लागतात. वय वाढते तसा हा काळ लांबतो.

सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींत न येणारी, पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की या विकरांना काम करायला पाणी लागते. वरचा थर कोरडा पडला की ती मंदावतात, टाचण्या सुटत नाहीत आणि पेशी एकेकट्या गळण्याऐवजी गठ्ठ्याने चिकटून राहतात. चेहरा निस्तेज, खरखरीत दिसतो, नाकाच्या बाजूला कोंड्यासारखे पापुद्रे निघतात. माणसाला वाटते मृत पेशी फार साचल्या, घासून काढायला हव्यात. खरे तर तिथे ओलावा कमी पडलेला असतो. अशा चेहऱ्यावर ॲसिड लावले तर पापुद्रे जातात, पण त्यांच्यासोबत चुनाही जातो. मग पाणी आणखी वेगाने उडते आणि आठवडाभरात कोरडेपणा दुप्पट होऊन परत येतो.

टक्का, सामू, वेळ

फळांतल्या आणि दुधातल्या आम्लांचा त्वचेवर होणारा परिणाम वैद्यकाच्या नजरेत आणला तो अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ यूजीन व्हॅन स्कॉट आणि संशोधक रुई यू यांनी. 1974 मध्ये त्यांनी इक्थिओसिस या आजारावर, म्हणजे माशाच्या खवल्यांसारखी त्वचा होते त्या व्याधीवर, अल्फा हायड्रॉक्सी ॲसिडांचा उपयोग दाखवला. ज्यांची त्वचा खरोखरच झडत नव्हती अशा रुग्णांसाठी ते संशोधन होते. नव्वदच्या दशकात तीच आम्ले निरोगी चेहऱ्यांसाठी दुकानांत आली.

त्यातले सर्वांत लहान रेणू ग्लायकॉलिक ॲसिडचे. त्याचा रेणूभार 76, म्हणून ते झपाट्याने आत शिरते. दह्यातले लॅक्टिक ॲसिड 90, मँडेलिक 152. रेणू जितका मोठा तितका तो सावकाश आत जातो आणि चरचर कमी होते.

बाटलीवरचा टक्का मात्र अर्धीच गोष्ट सांगतो. ग्लायकॉलिकचा जो भाग मुक्त आम्लाच्या रूपात असतो तोच त्वचेत सहज उतरतो आणि तो भाग ठरतो सामूवरून. सामू 3.5 असेल तर सुमारे दोन तृतीयांश भाग मुक्त असतो. सामू 5 असेल तर जेमतेम सहा टक्के. म्हणजे दोन बाटल्यांवर 10 टक्के हाच आकडा छापलेला असला तरी एक दुसरीच्या दहापट तिखट असू शकते. अमेरिकेतल्या सौंदर्यप्रसाधन घटकांच्या तज्ज्ञ समितीने नव्वदच्या दशकातच घरगुती वापरासाठी ग्लायकॉलिक आणि लॅक्टिक ॲसिडची मर्यादा सुचवली होती: प्रमाण 10 टक्क्यांपर्यंत, सामू 3.5 किंवा त्याहून जास्त आणि सोबत उन्हापासून संरक्षण. त्याहून कडक द्रावणे प्रशिक्षित हातांसाठी आहेत. दवाखान्यात ग्लायकॉलिकचे पील करताना डॉक्टर घड्याळावर नजर ठेवून असतात आणि ठरावीक वेळेला सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणाने आम्ल मारतात. घरी ही सोय नसते.

उन्हाचा मुद्दा कोकणात आणखी मोठा होतो. अल्फा हायड्रॉक्सी ॲसिडांमुळे त्वचा अतिनील किरणांना जास्त संवेदनशील होते आणि वापर थांबवल्यावर साधारण आठवड्याभरात पूर्ववत होते, हे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने घडवलेल्या अभ्यासांत दिसले. त्यावरून 2005 मध्ये अशा उत्पादनांच्या वेष्टनावर उन्हाची सूचना छापण्याबाबत मार्गदर्शक तत्त्वे आली. लोट्यातून दुचाकीवर कामाला जाणाऱ्या, पाळीहून भर दुपारी परतणाऱ्या माणसाला ही सूचना पाळणे अवघडच.

त्यात आपला वर्ण. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेतल्या रंगपेशी कोणत्याही दाहाला रंग तयार करून उत्तर देतात. मुरूम गेला तरी त्याचा काळा डाग महिनोन्‌महिने राहतो तो म्हणूनच. गोऱ्या त्वचेवर ॲसिडची जळजळ चार दिवस लाल दिसून जाते. आपल्याकडे तीच जळजळ सहा महिन्यांचा डाग मागे ठेवू शकते. डाग घालवायला आणलेल्या बाटलीने डाग वाढणे हा इथला नेहमीचा अनुभव त्यातूनच येतो.

पहिला पर्याय: ओलावा

विकरांना पाणी लागते म्हटल्यावर सर्वांत सौम्य उपाय उघड आहे. विकरांना पाणी मिळू द्यायचे आणि ते उडू न देणारा चुना राखायचा.

ग्लिसरीन हा त्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत तपासलेला घटक. ते पाणी धरून ठेवते एवढेच सर्वांना ठाऊक असते. पण त्याच्या सान्निध्यात टाचण्या सोडवणारी विकरेही नीट काम करतात आणि पापुद्रे आपसूक सुटतात. औषधाच्या दुकानातले नुसते घट्ट ग्लिसरीन मात्र चेहऱ्याला थेट फासू नये, ते चिकट होते आणि कोरड्या हवेत आतलेच पाणी ओढून घेते. क्रीममध्ये किंवा भरपूर पाण्यात मिसळलेलेच वापरावे.

दुसरा घटक युरिया. नाव ऐकून शेतातली गोणी डोळ्यांपुढे येते. पण त्वचेच्या वरच्या थरात जो नैसर्गिक ओलावा धरणारा साठा असतो त्यात युरिया मुळातच असतो, अमिनो आम्ले आणि लॅक्टेट यांच्या जोडीला. 5 ते 10 टक्के युरियाचे क्रीम ओलावा देते आणि खरखर हळूहळू कमी करते. 20 टक्क्यांच्या पुढे तोच युरिया जाड कातडी सोलणारा होतो, ती मलमे टाचांसाठी असतात. इथेही टक्काच स्वभाव ठरवतो. चेहऱ्यासाठी 5 टक्के पुरेसे आणि त्वचा तडकलेली असेल तर तेवढ्यानेही चरचरते, म्हणून आधी ती भरून येऊ द्यावी.

आणि मग कोकम. कोकमाच्या सालीत हायड्रॉक्सीसायट्रिक ॲसिडसारखी तिखट आम्ले असतात, तीच आपल्या सोलकढीची चव. बी मात्र अगदी वेगळ्या स्वभावाची. बिया उन्हात वाळवतात, फोडून गर कुटतात, पाण्यात उकळतात आणि वर तरंगणारी चरबी काढून घेतात. ती थंड होताना मुठीत दाबून तिचे गोळे वळतात. कोकणातल्या घरात हे कोकमतेल, भिरंडेल, ओठ फुटले की आणि टाचांना भेगा पडल्या की काढले जाते. त्यात स्टिअरिक आणि ओलिइक ही स्निग्ध आम्ले मुख्य. शरीराच्या तापमानाच्या जरा वरच ते वितळते, म्हणून गोळा तसाच न घासता बोटांत चोळून मऊ करून लावतात. ओठ, नाकाच्या पाळीजवळचा सोललेला भाग, थंडीत गालांवर पडणारे कोरडे चट्टे, इथे ते उत्तम काम करते. तेलकट, मुरमांच्या चेहऱ्यावर मात्र सरसकट फासू नये. खोबरेल तेलालाही हेच लागू. कोरड्या अंगावर ते गुणकारी आहे, पण मुरूम येणाऱ्या कपाळावर ते छिद्रे बंद करून त्रास वाढवते.

ओलावा राखण्याचा दुसरा भाग म्हणजे तो काढून न घेणे. निरोगी चेहऱ्याच्या पृष्ठभागाचा सामू साधारण 4.5 ते 5.5, म्हणजे किंचित आंबट. अंगाच्या नेहमीच्या साबणाचा सामू 9 ते 10. सामूची मोजपट्टी दर अंकाला दहापट चढते. साबणाने दिवसातून तीन-चारदा तोंड धुणाऱ्याच्या त्वचेची घडी दर वेळी विस्कटते आणि पुन्हा बसायला काही तास घेते. कारखान्यातून घरी आल्यावर घाम आणि धूळ धुणे आवश्यकच आहे. पण त्यासाठी साबणाऐवजी त्वचेच्या सामूला जुळणारा सौम्य क्लेन्झर आणि कोमट पाणी पुरते. रत्नागिरीत पावसाळ्यात हवा पाण्याने जड असते, तेव्हा हलके जेलसारखे मॉइश्चरायझर पुरे होते. कार्तिक-मार्गशीर्षात वारा कोरडा होतो तेव्हा त्याच चेहऱ्याला क्रीम लागते. वातानुकूलित नियंत्रण कक्षात आठ तास बसणाऱ्याला ते बाराही महिने लागते.

पपईचा चीक

सौम्य एक्सफोलिएशन, म्हणजे मृत पेशी काढणे, म्हटले की सध्या सर्वांत जास्त नाव निघते ते विकरांचे, म्हणजे फळांच्या एन्झाइमचे. तत्त्व साधे आहे. त्वचा स्वतःच्या विकरांनी टाचण्या सोडवते, मग पपई-अननसातली प्रथिने तोडणारी विकरे बाहेरून लावली तर तेच काम वरच्या वर होईल. विकराचा रेणू आम्लाच्या रेणूच्या शेकडोपट मोठा असतो. तो सहजासहजी खोल जात नाही आणि त्याला काम करायला कमी सामूही लागत नाही.

पपईतले विकर म्हणजे पेपेन. ते असते कच्च्या फळाच्या चिकात. पेपेनसाठी लावलेल्या बागेत सकाळी लवकर, झाडावरच्या हिरव्या फळांना ब्लेडने दोन-तीन मिलिमीटर खोल उभ्या चिरा देतात. पांढरा चीक खाली धरलेल्या ताटात गोळा होतो, तो वाळवून पूड करतात आणि काही दिवसांनी त्याच फळाला पुन्हा चिरा देतात. कोइमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाने को-2 आणि को-5 यांसारख्या जाती याच उपयोगासाठी पुढे आणल्या. फळ पिकत जाते तसा चीक कमी होतो. त्यामुळे पिकलेल्या पपईचा गर चेहऱ्यावर थापला तर गारवा मिळतो, थोडा ओलावा मिळतो, पण विकराचे काम जवळपास होत नाही. उलट कच्च्या पपईचा ताजा चीक थेट चेहऱ्याला लावणे घातक. मटण शिजवताना कच्च्या पपईचा तुकडा घातला की मांस मऊ पडते, तेच विकर ते. प्रमाण ठाऊक नसताना ते गालावर वापरायचे नाही.

म्हणून इथे तयार उत्पादनाला अर्थ आहे. एन्झाइमची पावडर सर्वांत भरवशाची, कारण पाण्यात ठेवलेले विकर काही दिवसांत मरगळते, कोरडे ठेवले तर टिकते. चिमूटभर पावडर ओल्या तळव्यावर घ्यायची, फेस करायचा, अर्धा-एक मिनिट हलक्या हाताने फिरवून धुवायचे, आठवड्यातून एकदा किंवा दोनदा. गरम पाणी घेऊ नये.

एक इशारा इथे गंभीरपणे घ्यायला हवा. पेपेनची ॲलर्जी असते आणि काहींना ती जोरदार असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर 2008 मध्ये जखमांवर लावायची पेपेनयुक्त, मान्यता नसलेली मलमे बाजारातून काढायला लावली, कारण काही रुग्णांना तीव्र प्रतिक्रिया आल्या होत्या. रबराच्या हातमोज्यांनी ज्यांना खाज सुटते, पित्ताच्या गाठी उठतात त्यांनी पपईच्या विकरापासून दूर राहावे. कारखान्यात दिवसभर हातमोजे घालणाऱ्यांना ही खूण चटकन कळते.

घरचे म्हणून सौम्य?

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हा समज कोकणी माणसाला तरी पटू नये. चैत्र-वैशाखात ओले काजूगर काढणाऱ्या बायकांचे हात पाहावेत. काजूच्या टरफलातला रस लागला की बोटांची कातडी काळी पडते, भाजल्यासारखी होते आणि काही दिवसांनी सोलून निघते. म्हणून बसण्याआधी हातांना तेल किंवा राख चोळतात. त्या रसातले मुख्य द्रव्य ॲनाकार्डिक ॲसिड आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते सॅलिसिलिक ॲसिडचाच लांब शेपटीचा नातेवाईक. चेहऱ्याच्या बाटलीत 2 टक्के असते त्याच घराण्यातले आम्ल इथे झाडाला लगडलेले असते, कोणत्याही मापाशिवाय. बिब्ब्याचे तेलही याच कुळातले. बिब्बा उतून अंगभर फोड आलेले रुग्ण महाराष्ट्रातल्या डॉक्टरांना नवे नाहीत. हापूसचा देठ तोडताना उडणारा चीक ओठाच्या कडेला लागला की काय होते, हेही इथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते.

लिंबाचे तेच. लिंबाच्या रसाचा सामू 2 ते 2.5, म्हणजे घरगुती ग्लायकॉलिकसाठी सुचवलेल्या मर्यादेहून किमान दहापट तीव्र. वर लिंबाच्या सालीत अशी द्रव्ये असतात की ती लागलेल्या जागी ऊन पडले तर फोड येतात आणि मागे गडद डाग राहतात. लिंबू पिळून उन्हात गेलेल्या हातांवर ओघळांच्या आकाराचे डाग पडतात ते यामुळे. खाण्याच्या सोड्याची अडचण उलट्या बाजूची, त्याचा सामू 8 च्या पुढे. लिंबू आणि सोडा एकत्र फेसाळला की चेहरा स्वच्छ झाल्यासारखा वाटतो, पण त्वचेला मिळते ती फक्त खरवड.

पीठ, पंचा आणि घोसाळे

याउलट घासून साफ करण्याच्या जुन्या पद्धतींत बरेच शहाणपण आहे, वापर योग्य जागी झाला तर. दिवाळीच्या पहाटेचे उटणे घ्या. नागरमोथा, आंबेहळद, गव्हला कचोरा, वाळा, चंदन आणि मसुराचे पीठ. आधी अंगाला भरपूर तेल, मग तेलावरून उटणे, मग ऊन पाणी. पीठ जास्तीचे तेल टिपून घेते आणि तेल पिठाचा घसारा कमी करते. आयुर्वेदाच्या ग्रंथांत दिनचर्येमध्ये हेच उद्वर्तन म्हणून येते. अभ्यंग आधी आणि उद्वर्तन नंतर हा क्रमच त्यातले मर्म. कोरड्या चेहऱ्यावर कोरडे उटणे खसाखसा घासले की त्यातले सगळे शहाणपण निघून जाते.

चेहऱ्यासाठी पिठाचा विचार असा करावा. बेसन किंवा मसुराचे पीठ वस्त्रगाळ असावे, दोन बोटांत चोळले तर कण जाणवू नये. चमचाभर पीठ ताज्या दह्यात किंवा दुधात सरबरीत कालवायचे. चेहरा ओला करून पातळ थर लावायचा आणि तो पूर्ण वाळू द्यायचा नाही, कारण वाळून ताणलेला लेप खरवडून काढताना त्वचा सोलली जाते. ओला असतानाच भरपूर पाण्याने उतरवायचा. दह्यातले लॅक्टिक ॲसिड साधारण टक्काभर आणि सामू 4 ते 4.5, त्यामुळे परिणाम अगदी मंद. तांदळाचे पीठ, रवा, साखर, कॉफीचा चोथा यांचे कण टोकदार आणि कठीण असतात, ते चेहऱ्यासाठी नाहीत. हळद चिमूटभरच असावी, आणि तिनेही काहींना पुरळ उठते.

त्याहून सौम्य काही हवे असेल तर धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती पंच्याचा किंवा धोतराचा तुकडा. कोमट पाण्यात भिजवून पिळायचा, क्लेन्झर लावलेल्या चेहऱ्यावर अर्धा मिनिट नुसता टेकवायचा आणि मग दाब न देता गोल फिरवत पुसून घ्यायचे. सुटायला आलेले पापुद्रे एवढ्याने निघतात, न सुटलेले जागेवर राहतात. तुकडा दर वापरानंतर धुऊन उन्हात वाळवावा. पावसाळ्यात तो दमट राहिला तर बुरशी धरते, म्हणून तेव्हा चार-पाच तुकडे आलटून पालटून ठेवावेत. परसातल्या वाळलेल्या घोसाळ्याची जाळी पाठीला आणि कोपरांना चांगली, वज्री टाचांना. चेहऱ्याची कातडी टाचेच्या तुलनेत कितीतरी पातळ असते, तिथे या दोन्हींचे काम नाही.

बाजारातल्या स्क्रबमध्ये काही काळ प्लॅस्टिकचे सूक्ष्म मणी असत. ते गुळगुळीत असल्याने चेहऱ्याला पिठाहून जड नव्हते, पण बेसिनमधून नाल्यात आणि नाल्यातून समुद्रात जात. अमेरिकेने 2015 मध्ये कायदा करून ते बंद केले आणि पुढे इतर देशांनीही पावले उचलली. दाभोळ खाडीच्या काठावर, जिथे सांडपाण्याचा प्रश्न मच्छीमारांच्या पोटाशी जोडलेला आहे, तिथे पीठ आणि पंचा यांच्या बाजूने हे आणखी एक कारण.

नावात ॲसिड, स्वभाव मवाळ

सौम्य पर्याय शोधताना ॲसिड हा शब्द दिसताच बाटली खाली ठेवण्याचीही गरज नाही. लोट्यातलेच उदाहरण पाहता येते. इथल्या विनती ऑरगॅनिक्सच्या कारखान्यात एटीबीएस नावाचे रसायन बनते. त्याच्या पूर्ण नावात सल्फोनिक ॲसिड आहे. याच रसायनाच्या उदासीन केलेल्या बहुवारिकांपासून चेहऱ्याच्या हलक्या जेलना घट्टपणा आणणारे घटकही जगात तयार होतात आणि ते त्वचेवर निरुपद्रवी बसून राहतात.

पॉलिहायड्रॉक्सी ॲसिडे अशीच मवाळ. ग्लुकोनोलॅक्टोनचा रेणूभार 178, लॅक्टोबायोनिकचा 358, म्हणजे ग्लायकॉलिकच्या अनुक्रमे सव्वादोन आणि पावणेपाच पट. ती हळू उतरतात आणि सोबत पाणी धरून ठेवतात, त्यामुळे संवेदनशील त्वचेलाही बहुधा मानवतात. ग्लायकॉलिकने पोळलेल्या, पण गुळगुळीतपणा हवा असलेल्या माणसाने पुढचा प्रयोग इथून करावा, आठवड्यातून दोन रात्री.

मुरमांचे डाग हा मुख्य त्रास असेल तर ॲझेलेइक ॲसिड. ते सोलण्यापेक्षा दाह आणि जास्तीचा रंग कमी करण्याचे काम करते. सुरुवातीला काही दिवस खाज जाणवते. गरोदरपणातही डॉक्टर ते देऊ शकतात, हा त्याचा मोठा गुण, कारण व्हिटॅमिन ए घराण्यातली मलमे तेव्हा चालत नाहीत. आणि ज्याला काहीच सोलायचे नाही, फक्त चेहरा एकसारखा दिसावा असे वाटते, त्याच्यासाठी 2 ते 5 टक्के नियासिनमाइड. ते त्वचेला स्वतःचे सिरॅमाइड बनवायला मदत करते, म्हणजे चुना पुन्हा भरून काढते.

पोळलेल्या चेहऱ्याचे काय

ॲसिडने चेहरा आधीच बिघडला असेल तर पहिले चार आठवडे कोणताही पर्याय सुरू करू नये, अगदी एन्झाइम आणि पीठसुद्धा नाही. सकाळी नुसत्या पाण्याने तोंड धुणे, सुगंध नसलेले साधे मॉइश्चरायझर, झिंक ऑक्साइड असलेले सनस्क्रीन. रात्री सौम्य क्लेन्झर आणि पुन्हा तेच मॉइश्चरायझर. पाण्याने होणारी चरचर थांबली आणि गालांचा ताण गेला की त्वचा सावरते आहे असे समजावे. मगच एक नवी गोष्ट आणावी आणि तीही आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस पाहावी. दोन नव्या गोष्टी एकाच आठवड्यात आणल्या तर त्रास कशाने झाला ते कळत नाही.

या टप्प्यावर सर्वांत मोठा धोका असतो तो औषधाच्या दुकानातून हातोहात मिळणाऱ्या मिश्र मलमाचा. लाली आणि खाज एका रात्रीत जाते, चेहरा उजळ दिसतो, कारण त्यात स्टिरॉइड असते. महिन्या-दोन महिन्यांनी कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरूम आणि केस वाढतात आणि मलम थांबवताच आग होते. कौशिक लाहिरी आणि अरिजित कुंडू या भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला 2008 मध्ये स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा या अर्थाचे स्वतंत्र वैद्यकीय नाव दिले. पुढे 2018 मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली. तरीही शेजारणीने दिलेल्या ट्यूबला ही यादी लागू होत नाही. ट्यूबवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन ही नावे बारीक अक्षरांत असतील तर ती चेहऱ्याला लावायची नाही. आधीच काही आठवडे लावली असेल तर एकदम बंदही करायची नाही.

अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवणे हाच मार्ग. लोट्याहून त्यासाठी चिपळूण गाठता येते किंवा सावर्ड्याजवळच्या डेरवणचे वालावलकर रुग्णालय. जाताना गेल्या तीन महिन्यांत चेहऱ्याला लावलेले सगळे पिशवीत घालून न्यावे: बाटल्या, ट्यूब, उटण्याचे पाकीट, तोंड धुण्याचा साबणसुद्धा. कारखान्यात कोणते रसायन हाताळावे लागते, मास्क कुठे घासतो, पाळी कोणती असते, हेही सांगावे. यातली अर्धी माहिती डॉक्टर विचारतीलच, उरलेली अर्धी रुग्णाने आपणहून दिली तर निदान एका भेटीत होऊ शकते.